नातीला नापास करायचा बेत

४ जानेवारी, रविवार
म्हाताऱ्या माणसांशी कसं बोलायचं ते शिकायला विमानात बसून जावं लागतं, हे मला सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. घरात एक म्हातारी फुकट बसलेली होती. तिच्याशी दिवसाला चार वाक्यं बोलणारी ही कार्टी, माझी नात, आता परक्या देशात समाजकार्याची डिग्री घेते आहे. अंगाचा तिळपापड होतो नुसता.
वही तिचीच. अर्धी कोरी टाकून गेली. मी चौथी शिकलेली, पण कोरं पान वाया घालवत नाही.
ठरवलं: तिचा रविवारचा फोन आला तरी उठायचं नाही.

त्याच दिवशी, सकाळी दहा
उठले. सून उचलायला निघाली होती, ती भलतंच बोलत बसते.
नात म्हणाली, आजी, माझं एक काम आहे तुझ्याकडे. एका वृद्ध व्यक्तीच्या चार मुलाखती घ्यायच्या, रेकॉर्ड करायच्या, लिहून द्यायच्या. तिकडचे म्हातारे हिचे उच्चार ऐकून नुसतं 'काय? काय?' करतात. म्हणून मास्तरणीने परवानगी दिली, तुझ्या भाषेत घे, भाषांतर जोड. निकाल फेब्रुवारीत, यात नापास झाली तर पुढचं वर्ष नाही. सरळ घरी.
सरळ घरी! स्वतःच्या तोंडाने सांगितलं.
लगेच हो म्हटलं. अशी आडमुठी केस होते की मास्तरणीने कपाळ बडवलं पाहिजे. मार्चमध्ये कार्टी इथे.

११ जानेवारी, रविवार
पहिली मुलाखत. मला 'तुम्ही' म्हणाली. नियम आहे म्हणे, आता मी नात नाही, कार्यकर्ती आहे, तुम्ही बोलाल ते गुप्त राहील. जिचं नाक मी पुसलं ती मला हमी देते.
विचारलं, दिवस कसा जातो? म्हटलं, उजाडतो, मावळतो. पुढे? पुढे काही नाही.
ती गप्प. मीही गप्प. गप्प बसायलासुद्धा तिकडे शिकवतात! दोन मिनिटं नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मला सहन होईना. म्हणजे रेकॉर्डिंग वाया जातं ना. म्हणून एक बाई बनवली. म्हटलं, माझं काही नाही, पण माझ्या ओळखीत एक बाई आहे. लेक दिवसभर दार लावून लॅपटॉपशी बोलतो. सून कानात ती फोनची बोंडं घालून फिरते, बाईने विचारलं एक की ती उत्तर देते तिसऱ्यालाच.
सगळं खोटं. खोट्या माहितीवर कोण पास करतं? डोकं बरं चालतं माझं.

१३ जानेवारी
पडले नाही. बाथरूममध्ये खाली बसले, जरा जोरात. मनगट सुजलंय. सुनेला सांगितलं, कढईचा कान लागला. 'बरं' म्हणाली. मला की बोंडाला, कळलं नाही.
अक्षर वाकडं येतंय ते पेनमुळे.

१८ जानेवारी, रविवार
आज त्या बाईला पाडली. केस जड हवी. बाथरूममध्ये पडली, मनगट सुजलं, बादलीला धरून तासभर तशीच बसली, लेकाची मीटिंग चालली होती म्हणून हाक मारली नाही.
नात विचारते, त्या बाईंना तेव्हा काय वाटलं? डोक्यात तिडीक गेली. काय वाटायचंय? फरशी गार वाटली!
मग म्हणाली, हाक का नाही मारली त्यांनी?
म्हटलं, मारली आणि कुणी आलंच नसतं तर?
कुठून सुचलं देव जाणे. असली मूर्ख बाई! मी तर वीसच मिनिटं बसले होते.

२५ जानेवारी, रविवार
बाईंना कुणाची आठवण येते का म्हणे. म्हटलं, एक नात आहे तिची, शिकायला गेलीय. बाई रोज तिच्या पलंगावरची चादर झटकते. कुणी झोपलेलं नसताना! इतकं खोटं की मास्तरणीला हसू यावं. मी आठवड्यातून दोनदाच झटकते, तेही धूळ बसते म्हणून.
नात म्हणाली, आज इथेच थांबू या. आवाज बसला होता. थंडी असेल. स्वेटर घाल म्हटलं की घालायचा नाही, हे लहानपणापासून.

१ फेब्रुवारी, रविवार
शेवटची. बाईंना काय हवंय? म्हटलं, भांडायला माणूस.
संपलं एकदाचं. नातीचं कपाट रिकामं करून पुसून ठेवलं. सुनेला सांगितलं, मार्चमध्ये येतेय ती. हसली. हसू दे.

१५ फेब्रुवारी, रविवार
पहिली आली!
मास्तरणीने वर्गात वाचून दाखवलं. दोन मुली रडल्या म्हणे. माझ्या थापांवर! वर आता तिथल्या वृद्धाश्रमात डिग्रीनंतर दोन वर्षं नोकरी. शिकायचं एक वर्ष उरलंय ते वेगळंच. तीन वर्षं. असलं कॉलेज टाळं ठोकून बंद केलं पाहिजे. खरं-खोटं कळत नाही आणि निघाले समाज सुधारायला.
ओरडले, अगं, सगळं मी बनवलं होतं!
म्हणाली, माहितीये आजी. मनगट कसं आहे?
फोन ठेवला. म्हणजे हातातून सुटला.

१७ फेब्रुवारी
नळवाला आला आणि बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा ठोकून गेला. मागोमाग लेकाने मीटिंग सोडून मला एक्स-रेला नेलं. गाडीत दर सिग्नलला माझी शाल सारखी करत होता. हाडाला बारीक चीर आहे. हात प्लास्टरमध्ये.
घरी आल्यावर सुनेने बोंडं काढली आणि समोर बसून माझ्याशी भांडली. पाऊण तास. चांगली भांडते. माहीत नव्हतं.
डाव्या हाताने लिहितेय. पेन मात्र बरं निघालं.

२२ फेब्रुवारी, रविवार
आज मीच सुरुवात केली. गुप्त म्हणाली होतीस, घरभर केलंस! म्हणाली, ती बाई गुप्तच आहे आजी. मी फक्त आपल्या बाथरूममध्ये दांडा बसवून घेतला. आणि बाबांना म्हटलं, आजीचं मनगट बघा.
तिने तोंड कुणाचं घेतलंय ते कळलं.
मग सहज विचारलं, तुझं काम झालं, आता रविवारचा फोन बंद ना? म्हणाली, मुलाखती संपल्या. त्या बाईंना हवा असेल तर फोन चालू राहील.
दांडा अगदी फालतू आहे. दिवसातून चारदा धरून बघते, निखळतो का. निखळत नाही मेला.
लेकाला आणि सुनेला बजावलंय: रविवारी सकाळी फोन वाजला की कुणी हात लावायचा नाही. मला तर त्या कार्टीशी एक अक्षर बोलायचं नाहीये. फोन त्या बाईचा आहे. तीच उचलेल.