दुसरा कर्सर

४ ऑगस्ट २००८, सोमवार
१. अकराला लाईट गेली.
२. यूपीएस शिट्टी मारून बंद पडला.
३. गौरी-गणपतीच्या ऑर्डरींची फाईल उघडेना.
४. कॉपी फक्त हुपरीच्या आमच्या चांदीच्या कारखान्यातल्या मशीनवर. तीही जुनी.
५. अप्पा म्हणाले, "इंजिनिअर पोरगी घरात असून बी ह्यो घोळ!"

घरात नव्हे, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्यांच्या ऑफिसात. "माणूस मिळंपातूर बस" म्हणाले होते, माझा निकाल लागला तेव्हा. माणूस कोणी शोधतच नाही.

५ ऑगस्ट
पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं. नोकरी पक्की. अप्पांना दाखवलं. वाचलं, घडी घातली, परत दिलं. "हितलं कोण बघणार?"

प्रश्न रास्त आहे. आणि उत्तर तांत्रिक आहे. काम या मशीनबाहेर काढलं, की मीही निघू शकते.

६ ऑगस्ट
तुलना केली. मशीनवर टाकलेलं ऑफिस सॉफ्टवेअर नेट नसलं तरी चालतं. चपळ आहे, फॉन्ट अप्पांच्या सवयीचा. पण फाईल त्या एका डब्यात, आणि डब्यापुढे मी. वेबवरचं संथ. नेट गेलं की हात बांधले. पण लिहिलेलं लगेच साठतं, कुठूनही उघडतं, कोणीही भरू शकतं.

कोणीही!

वेबवरचं.

९ ऑगस्ट
ऑर्डरींचा तक्ता वेबवर चढवला आणि जुन्या फॉन्टमधलं सगळं मराठी फुटलं. 'पैंजण'च्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. हुपरीहून तानाबाईंचा फोन — तिथल्या ऑर्डरी त्याच सांभाळतात — "ताई, ह्यी कुठल्या देशाची ऑर्डर हाय वं?"

सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाईप केलं. आता कुठंही उघडा, पैंजण पैंजणच.

१३ ऑगस्ट
आजच्या सगळ्या ऑर्डरी तानाबाईंनी भरल्या. मी तपासल्या. चूक नाही. मी नसले तरी चालेल!

१७ ऑगस्ट, रविवार
जयसिंगपूरचे पाहुणे आले. मुलगा मल्लेश, घरचं कापड दुकान. मे महिन्यात बघून गेले होते, आज ठरवायलाच. मला कोणी विचारलेलं नाही. अप्पांनी कौतुकानं तक्ता उघडून दाखवला. "लगीन झालं तरी ही जयसिंगपुरातनं समदं बघंल की! हापिसात यायची बी गरज न्हाय."

मुलाची आई म्हणाली, "म्हंजे उंबऱ्याभाईर पाय टाकाया नको. लई झ्याक!"

कप गोळा केले. मी काढलेल्या वाटेचं दुसरं टोक त्यांच्या माजघरात निघालं.

१९ ऑगस्ट
तक्ता भरत होते. शेजारच्या रकान्यात दुसरा कर्सर आला. नाव अप्पांचं. अप्पा तर समोर पेपर वाचत बसलेले. अक्षरं उमटली — 'अजून ऑफिसातच? जेवलीस का?'

शेवटी नाव — मल्लेश.

अप्पांना विचारलं. "माझा पासवर्ड दिला की त्येला! पावण्यांपास्नं काय लपवायचं? आपलंच हायत न्हवं?"

"मला तरी विचारायचं."

"त्यात काय इचारायचं?"

विंडो बंद केली. तो आतच होता.

२० ऑगस्ट
'गप्प का?' — ऑर्डरींच्या मधोमध. पासवर्ड बदलता येईल. अप्पा पुन्हा देतील.

२१ ऑगस्ट, गुरुवार
पुण्याला होकार कळवला. मग तक्त्याच्या सगळ्यात वरच्या ओळीत, जिथून सगळ्यांना दिसेल तिथं, टाईप केलं. अक्षरं कुठंच फुटणार नाहीत.

'मल्लेश, हे लग्न मी करणार नाही. एक सप्टेंबरपासून मी पुण्यात. ऑर्डरी तानाबाई बघतील, त्यांना येतं. अप्पा, मला स्टँडवर सोडायला येणार का, एवढंच सोमवार, २५ तारखेपर्यंत याच ओळीखाली कळवा.'