खोडलेली सिद्धता

सर, काल तुमच्याच कॉलेजात माझं भाषण झालं. बी.एस्सी.ची पाच मुलं गणिताच्या स्पर्धेला निघाली आहेत, त्यांना चार शब्द सांगायला बोलावलं होतं. मी तासभर बोलले, आणि त्यातलं निम्मं तुमच्याविरुद्ध होतं. नाव घेतलं नाही. पण पहिल्या रांगेतले तुमचे जुने सहकारी मान खाली घालून बसले होते. त्यांना कळलं.

तुमचा नियम होता, आधी कच्चं काम करा, मग त्यावर वरून खाली एक तिरपी रेघ मारा. पानावर उत्तर तेवढं शाबूत ठेवा. मी रेघ मारायला विसरले, तेव्हा माझी वही वर्गासमोर धरून तुम्ही म्हणालात, "चुलीतली राख पाव्हण्याला दाखवून राहिली का बाई?" पोरं हसली. वर्गात मी एकटीच मुलगी, हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलणाऱ्याची लेक. त्यानंतर मी कधी राख ठेवली नाही.

त्या वर्षी कॉलेजातून स्पर्धेला मीच गेले, तुम्ही सोबत होतात. बापानं सांगितलं होतं, "नंबर आला तर पुढं शीक, न्हाई तर बस झालं." प्रश्न होता, कोणत्याही सहा माणसांत तिघं एकमेकांच्या ओळखीचे किंवा तिघं एकमेकांना अनोळखी असतातच, हे सिद्ध करा. मला ते इतकं सरळ सुचलं की आजही अंगावर काटा येतो. पान भरलं. शेवटी लिहिलं, 'म्हणून विधान सत्य आहे.' आणि वरच्या सगळ्यावर रेघ मारली.

निकालाच्या दिवशी आपण परीक्षकांच्या टेबलापुढे उभे आहोत. ते माझं पान पुढे सरकवतात. "सिद्धता बिनचूक आहे. पण नियमानं खोडलेलं आम्ही धरत नाही. का खोडलंत?" मी तुमच्याकडे बघते. तुम्ही चष्मा पुसता आणि म्हणता, "हिला कितीदा सांगितलं, सगळं दाखव म्हणून. ऐकतच न्हाई." परतताना एसटी स्टँडवर तुम्ही कागदातली भजी पुढे केलीत. "खा लेकरा. पुढच्या साली बघू." पुढचं साल नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं. बाप शब्दाचा पक्का निघाला.

त्या टेबलापुढे गप्प राहिले, म्हणून नंतर गावोगावी शिक्षणावर बोलताना कुठल्याच मंचावर गप्प राहिले नाही. गुरूपुढे तोंड उघडायची बंदी असलेली लेकरं सिद्धता कशी मांडणार, असं मी काल ही गोष्ट सांगून विचारलं. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. "ताई, स्पर्धेचे नियम तुमाला आधी मिळाले न्हवते का?"

मी म्हटलं, "न्हाई."

मिळाले होते, सर. खडू आणायला तुमच्या खोलीत आले, तेव्हा ते पत्रक टेबलावर होतं. खोडलेला मजकूर तपासला जाणार नाही, ही ओळ मी दोनदा वाचली. तरी रेघ मारली. माझं स्वच्छ पान बघून तुम्ही एकदा "बराबर" म्हणावं, एवढंच मनात होतं. तुमचं खोटं त्यानं खरं होत नाही. ते मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण इतकी वर्षं गोष्ट सांगताना ती पत्रकाची ओळ मी गाळत आले.

तुम्ही तर गेलात, आता हे पत्र कुठे टाकणार? त्या पोरीनं लिहून दिलेला फोन नंबर मात्र माझ्याकडे आहे. सकाळपासून तीनदा काढला, आणि तीनदा तसाच ठेवून दिला.