विहिणीचे पाय

प्रिय विहीणबाई,

अजून लग्नाचा पत्ता नाई आन् मी तुमाले विहीणबाई म्हणून मोकळी झाली. राग आला असन तर चहात साखर टाकून प्या. मागल्या खेपेले तुमच्या घरचा चहा लयच फिक्का होता, तवा बोलली नाई, आता कागदावर बोलून राह्यली. सुनंदाबाई, मी चवथीपर्यंत शिकलेली, उकव्याच्या मँगनीजच्या खदानीवर दगड निवडता निवडता म्हातारी झालेली लोकेशची माय, मैना. माये अक्षर वाचाले चष्मा पुरणार नाई, थोडी हिंमतबी लागन.

त्या दिवशी तुमच्या ओसरीवर सारं जमून आलतं. कोर्टात सह्या कराच्या, मंग तुमच्या अंगणात पंगत. तुमची अबोली तिचा देव ठेवन, माया लोकेश त्याचा. धरमावरून भांडण होईन म्हणून मी घरून पोटभर जेवून आलती, आन् गाडी अडकली कुठं, तर पायावर. पोरीच्या मायनं विहिणीचे पाय धुवाची तुमची रीत. तुमचे मोठे दीर नीळकंठराव म्हणाले, रीत तर होईन, पण शुभकार्यात विधवेचे पाय कसे धुवाचे, लोकेशच्या काकूले पाटावर बसवा. मी हासून म्हटलं, बसवा, तिच्या पायाले भेगाबी कमी हायेत. सारे हासले. लोकेश हासला नाई. मायी माय पाटावर नाई तर लग्न नाई, म्हणून उठला. तवापासून तो तिकडे बैहर गावाले तोंड फुगवून बसला हाय आन् तुमची पोर तुमच्या घरी उशी भिजवून राह्यली. तुमी त्या वक्ताले खाली पाहत होत्या. मले दिसलं ते. ते बोल तुमचे नवते, हेबी समजलं.

आता जरा दुसरं ऐका. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्या गिरजाघरात फादर बारा जणायचे पाय धुतात. येशूनं मरणाच्या आदल्या दिवशी आपल्या चेल्यायचे धुतले, त्याची याद म्हणून. औंदा त्या बारात माये नाव निघालं. मी बायायले म्हटलं, फादरले सांगा, घमेलंभर साबण आणा. टाचेले तेल चोळलं, नवी चप्पल घातली, आन् मजा पाहाले जाऊन बसली.

मजा राह्यली बाजूले. आमचे फादर विवेक म्हातारे हायेत, वाकले तर गुडघे वाजतात. ते माया समोर जमिनीवर बसले, पाय हातात घेतला, तांब्यानं पाणी ओतलं. खदानीचा काळा चुरा, माया भेगायमंधी किती वर्षाचा बसला हाय कोण जाणे. पाणी काळं झालं. मी झटकन पाय मागं ओढला. बाई, जनमल्यावर दाईनं धरला असन तेवढाच, बाकी हा पाय आजवर कोणी हातात घेतला नवता. डोमाजी माया चांगला नवरा, पण त्यानंबी नाई. फादरनं ओढून घेतला नाई. टावेल मांडीवर ठेवून तसेच बसून राह्यले. मंग मीच हळूच पाय पुढे केला. त्यायनं पुसला, आन् वाकून त्यावर ओठ टेकवले. मले काही बोलता आलं नाई. मले, जी डोमाजीच्या मयतीतबी एक टोमणा मारून गेलती.

तवापासून डोक्यात तेच चालू हाय. लोकेशले फोनवर विचारलं, येशूच्या वक्ताले राजा कोण होता रे? त्यानं रोमच्या बादशाचं नाव सांगतलं. फोन ठेवता ठेवता मी विसरली. एवढी फौज, अर्ध्या दुनियेवर राज, आन् उकव्याच्या एका बाईच्या ध्यानात त्याचं नाव राहत नाई. आन् ज्यानं कमरेले टावेल बांधला, त्याचं पाणी इथवर येऊन पोचलं. आमच्या मास्तरनं इतिहास शिकवला तो सारा कोण कोणाच्या पाया पडलं याचाच. हरला तो पडे, जिकला तो पाय पुढे करे. आता बालाघाटच्या बस स्टँडवर नेत्यायचे फोटो पाहा, हात जोडून उभे, खाली लिहेल राहते ‘आपका सेवक’. खोटं असन, मी का आज जनमली? पण राजालेबी सोताले नोकर म्हणवून घ्यावं लागते, ही शरम त्याले लावली कोणं? माये मन म्हणते, त्या टावेलवाल्यानं. तुमी म्हणसान, आमच्या किसनदेवानंबी सुदाम्याचे पाय धुतले. हौ, धुतले, मले ती गोष्ट लय आवडते. पण सुदामा दोस्त होता. इकडे येशूच्या बारा चेल्यायतला एक जण त्याच रातच्याले त्याले धरून देणार होता, आन् येशूले ते मालूम होतं. त्याचेबी धुतले. इथं आली का माये हासणं बंद होते, बाई. किती मोठं असन ते मन, मापच लागत नाई.

तर हे पत्र लिहाचं कारण सांगते. पंगतीच्या दिवशी मी पाटावर बसणार नाई, लोकेशची काकूबी बसणार नाई. तुमी बसा. पोराची माय पोरीच्या मायचे पाय धुईन. नीळकंठरावाले सांगा, विधवेचे पाय धुवू नोका म्हणाले ना, त्यायचा शब्द मी मोडत नाई. तुमी पोटची पोर देऊन राह्यल्या, मी घेऊन राह्यली. वाकावं तर घेणाऱ्यानं वाकावं. लोकेशले मी समजावते म्हणू नोका, तो माया पोरगा हाय, मीच समजावीन. तुमी फक्त हौ म्हणा. आन् हे आधी लिहून काहून कळवते? साऱ्या गावासमोर कोणी एकदम पाय हातात घेतला तर माणूस कसं गडबडते, ते मी भोगलं हाय. तुमचाबी पाय मागं जाईन. जाऊ द्या. मी तशीच बसून राहीन, पंगत थंडी झाली तरी.

तुमचीच, आन् तुमी हौ म्हटलं तर तुमच्या लेकीचीबी,
मैना