मास्तरांची पांढरी फडकी

व्हय मास्तर, आमीच धुतली ती फडकी. आन् चांगलं रिठं लावून धुतली. त्यात इचारायचं काय? तुमीच म्हणला हुता, "चुलीवर टांगलेलं फडकं जपून ठेवा, मी परत न्यायला येईन." आता दुसऱ्याची चीज परत द्यायची म्हंजी काय काळीमिट्ट द्यायची? आन् मोकळी तरी कशी द्यायची? म्हणून गल्लीतल्या समद्या बायकांनी फडक्याच्या गाठीत भुईमुगाच्या शेंगा बांधल्या. तुमी चावडीवर बाप्यांम्होरं गोळा केलेल्या फडक्यांची पिशवी उलटी केली, "बघा, तुमच्या सैपाकघरातला धूर बघा," म्हणला, आन् आतनं पडली बगळ्यावाणी पांढरी फडकी. शेंगा घरंगळत पार पाटलाच्या पायापतूर गेल्या. तुमचं त्वांड बघून म्या पदर तोंडात कोंबला.

परवा पुण्याहनं एक पोरगी आली हुती. हातात एक डबी, डबीत आकडं. मी गॅसवर फोडणी टाकली की आकडं वाढायचं, खिडकी उघडली की उतरायचं. घरातल्या हवेचं शिकती म्हणं. म्हणाली, "आजी, आमच्या बाईंना ज्यांनी शिकवलं ते सर तुमच्याकडे यायचे ना? हवा मोजायची तर आधी सैपाकघरात जाऊन बसायचं, हे त्यांचंच. आम्ही अजून तसंच करतो." आन् तुमची आठवण काढताना तिनं कानाची पाळी धरली. म्या म्हणलं, अगं बया, आमचं मास्तर एवढं म्होटं झालं! साळंत त्यास्नी खडू गावायचा न्हाई, आन् खडू त्यांच्याच कानावर असायचा. "कसे होते हो ते?" तिनं इचारलं. तिला शेंगांचं सांगितलं, लय हसली. फुडचं न्हाई सांगितलं. ते तुमास्नीच सांगायचं हाय, म्हणून बसले लिवायला. टपालात टाकायचं कुठं, ते काय मला ठावं न्हाई.

खंडाळ्याकडं आमच्या म्हायेरच्या साळंत तुमी मला चौथीपतूर शिकवलं. मग तुमी सांगलीला कॉलेजात शिकवायला गेला आन् मी लगीन होऊन माधवनगरच्या अंगाला आले. लढाईची सालं हुती, रॉकेल मिळंना, चुलीत पाचट नायतर वल्ली लाकडं. आमचं ह्ये सुताच्या गिरणीत कताईला जायचं. लगीन झाल्यावर थोड्याच दिसात त्यांचा खोकला वाढला. जेवताना घास ताटात ठिवायचं, खोकायचं, मग घास उचलायचं. तुमी पैल्यांदा घरी आला तवा पाणी द्यायच्या आदी म्या तेच इचारलं, "मास्तर, ह्येंचा खोकला कशानं जाईल?" तुमी वर बघितलं. आढ्याला काजळीची जाळी लोंबत हुती. "पोरी, या धुरात कोणाची छाती टिकणार? कौलं काढा, धुराडं करा." आत्याबाई, म्हंजी माझी सासू, उसळलीच. "घराला भोक पाडू? पाऊस येईल आत आन् लक्षीमी जाईल भाईर!" मग तुमी ती फडकी वाटली, धूर डोळ्यानं दावायला. मला वाटलं, झालं, आता ह्येंचा खोकला जातोय.

आन् चावडीवर ही शोभा. बापे हसायला लागले, "मास्तर, आमचं सैपाकघर तुमच्या धोतरापरास साफ हाय की!" तुमी मागं भिंतीआड उभ्या असलेल्या माज्यावर डाफरला, "तुला चौथीपर्यंत शिकवलं ते यासाठी?" तवा आत्याबाई म्होरं झाली. "तिला कशाला बोलता? म्या धुतलंय. दगडावर आपटून हात गेलं माझं. म्हस धुतल्यावाणी पाणी निघत हुतं."

"कसलं पाणी?" तुमी इचारलं.

"आवं काळं! डांबर निस्तं. निघता निघंना."

तुमी खाली बसून शेंगा गोळा करत हुता. तसंच बसून म्हणला, "आजी, फडकं धुतलंत. लेकाची छाती कुठल्या दगडावर धुणार?"

दुसऱ्या दिशी सकाळी आत्याबाईनं लेकाला शिडी लावायला लावली. "चारच कौलं काढ. आपली लक्षीमी जाड हाय, चारातनं जायाची न्हाई." तिचं बघून गल्लीनं काढली, गल्लीचं बघून गावानं. मग तुमी म्हसवडपतूर फिरला, आन् जाल तिथं आत्याबाईच्या काळ्या पाण्याची गोष्ट सांगितली. तिला कळलं तवा ती म्हणाली, "माझी धुणी गावभर केली मेल्यानं." पण खूश हुती.

माझं डोळं निवळलं, ते खरं. पोरांची नाकं वाहायची थांबली. ह्येंचा खोकला काय हालला न्हाई.

एक दिस तुमी ओट्यावर चहा घेत हुता आन् ह्ये गिरणीतनं आलं. भिवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, समदा कापूस. मी रोज म्हणायची, "आलं बघा म्हातारं," आन् पदरानं झटकायची, की परत काळ्या मिशा. त्या दिशी झटकता झटकता म्या तुमास्नी म्हणलं, "मास्तर, एक फडकं गिरणीत टांगा की. चुलीम्होरं बसती मी, आन् खोकत्यात ह्ये."

तुमी कप खाली ठिवला. "तिथं मला कोण आत घेणार, पोरी? आधी सैपाकघराचं पुरं करू दे."

"ऱ्हाऊ दे गं," ह्ये म्हणलं. "आमच्या खात्यात फडकं टांगलं तर दिस मावळंस्तवर त्याची गादी हुईल." आन् हसता हसता खोकायला लागलं. तुमी हसला. मी बी हसले.

फुडं दोन पावसाळं गेलं, आन् ह्ये गेलं. तुमी भेटायला आला, माज्याम्होरं मान खाली घालून बसला. म्हणला, "धुराडं चार वर्षं आधी झालं असतं तर वाचला असता." म्या चहा दिला. साखर जास्त घातली, तुमास्नी लागती म्हणून. एक सबूद बोलले न्हाई. मास्तराला उलटं बोलायचं न्हाई, हे बी तुमीच शिकिवलेलं.

तुमी धूर काढला माज्या घरातला. ते उपकार मी इसरत न्हाई, त्या पोरीला बी तेच सांगितलं, आन् ते खोटं न्हाई. पण गिरणीच्या दारात जाऊन तुमी एकदा इचारायचं तरी हुतं. न्हाई म्हणलं असतं तर म्हणलं असतं.

तुमी वारल्याचं कळलं तवा मी भाकरी थापत हुते. थापतच ऱ्हायले. गल्लीतल्या बायका म्हणल्या, धक्का बसला तिला. धक्का न्हाई, मास्तर. राग हुता. अजून हाय.