डाव्या बाजूची खिडकी

सोमवार, ३ मार्च

नेटवरच्या, कोणीही लिहावं अशा मुक्त कोशावर परत तेच वाक्य. "आंदोलकांनी नगर कार्यालयाच्या खिडकीची काच फोडली." लिहिणाऱ्याचं नाव नाही, नुसते आकडे. संदर्भही नाही. मी ते काढलं नाही. पुढे "संदर्भ हवा" अशी खूण लावली आणि चहा टाकला.

काढायला हात शिवशिवत होते. पण आंदोलनाचं हे पान कोशावर सुरू केलं मीच, आणि ही पाठमोरी मोहीम सुरू करणाऱ्यांत माझा सख्खा दादा आहे. सरकारी दवाखाना बंद होऊ नये म्हणून लोक घरून खुर्च्या आणतात आणि नगर कार्यालयाकडे पाठ करून बसतात. घोषणा नाहीत, बोलायचं नाही, मागे वळायचं नाही. "ते आपल्याकडे बघत नाहीत ना, मग आपणही नाही बघायचं," असं दादा म्हणतो. तो त्याच दवाखान्यात वॉर्डबॉय आहे. त्याच्या गळ्यातली पाटीसुद्धा माझ्याच अक्षरात आहे. म्हणून तर जास्त जपायला हवं. कोशाचा नियम साधा आहे – कोणाची बाजू घ्यायची नाही, आणि छापून आलेलं असेल तेवढंच धरायचं.

वाक्य मात्र अर्धवट होतं. खिडक्या दोन आहेत, दाराच्या एकेका अंगाला. "डाव्या बाजूच्या" एवढं घातलं. आता वाचवतं तरी.

मंगळवार, ४ मार्च

आज दिवसभरात चष्म्याच्या दुकानात माझ्या तोंडून निघालेलं – "हनुवटी वर घ्या", "चष्मा परवा मिळेल", "पावती आणा". बस.

शनिवार, ८ मार्च

कोशावरच्या 'जुनाजाणता'ने चर्चापानावर लिहिलंय, "खूण लावलीत, वाक्य उडवलं नाहीत. तुमच्यासारखी तटस्थ माणसं इथे कमी आहेत." परत परत वाचलं. मालकांनी आत येऊन विचारलं, "काय रे, लॉटरी लागली का?" काय सांगणार. नववीत शाळा सुटली तेव्हापासून मला असं कोणी काही म्हटलेलं नाही. कोशावर कोणी विचारत नाही, कितवी शिकलास.

काच फुटली त्या दिवशी मी तिथे होतो हे त्याला ठाऊक नाही. गेल्या महिन्यातला गुरुवार, दुकान बंद. दादाने त्याची दुसरी खुर्ची उघडून दिली. मागे खळ्ळकन आवाज झाला. कोणीच वळलं नाही, नियमच तो. काचा उडून आमच्या खुर्च्यांपर्यंत आल्या, एक तुकडा माझ्या चपलेपाशी. म्हणजे काच आतून फुटली. पहारेकरी झाडू घेऊन आला. म्हणाला, "बसा, बसा. आत कपाट हलवतायत, त्याचा धक्का बसला." आता तो तोंड उघडत नाही. आणि उघडलं तरी पहारेकऱ्याचं बोलणं हा काही छापील संदर्भ नव्हे.

रविवार, ९ मार्च

दादाकडे गेलो. वहिनी म्हणाली, "या भावजी. वाट चुकलात का?" एवढं हसणं झालं, तेवढंच.

दादाने ते पान वाचलं होतं. "बारक्या, 'फोडली' काय रे? तू माझ्या शेजारी बसला होतास ना?"

मी म्हटलं, खूण लावलीय.

"चुलीत घाल तुझी खूण. खुणा कोण वाचतं?"

"काढलं असतं तर म्हणाले असते, भावासाठी काढलं."

"आणि ठेवलंस ते कोणासाठी ठेवलंस?"

वहिनी ताट वाढायला उठली होती. मी चप्पल घातली. तिने जिन्यापर्यंत हाक मारली. दादाने नाही.

बुधवार, १२ मार्च

पेपरात आलं. "आंदोलकांनी डाव्या बाजूच्या खिडकीची काच फोडली." दुपारपर्यंत कोणीतरी ती बातमी कोशावर संदर्भ म्हणून जोडली, आणि जुनाजाणताने माझी खूण काढली. "प्रश्न मिटला," असं त्याने लिहिलं. मी "आभार" लिहिलं. नियमाने सगळं बरोबर आहे. डबा तसाच राहिला.

शुक्रवार, १४ मार्च

वहिनी दुकानात आली. आधी वाटलं चष्म्यासाठी. दादाला कामावरून दूर ठेवलंय. पुढच्या शुक्रवारी चौकशी. सरकारी मालमत्तेचं नुकसान, आणि पुरावा म्हणून त्या बातमीचं कात्रण जोडलंय. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार.

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं तुम्हाला," वहिनी म्हणाली. "पण घरात नीट लिहिता येणारं दुसरं आहे कोण?"

कात्रणाची प्रत ठेवून गेली. मालकांनी तिला पाणी दिलं. मला ते सुचलंच नाही.

शनिवार, १५ मार्च

जेवणाच्या सुट्टीत नगर कार्यालयापाशी गेलो. नवी काच दुरूनच ओळखू येते, कडेला भरलेली लांबी अजून पांढरी आहे. ती दाराच्या उजवीकडे आहे. उजवीकडे! कात्रण काढून पाहिलं. डावीकडे लिहिलंय.

येड्यासारखा उभा राहिलो. मग पाठ वळवली.

पाठ करून बसलं की ती खिडकी डावीकडे येते. मी बसल्या जागेवरून लिहिलं होतं. रस्त्यावरून बघणारा कोणीही 'उजवी' म्हणाला असता. म्हणजे बातमीदार इथे आलाच नाही. त्याने वाक्य कोशावरून उचललं, माझ्या चुकीसकट. आणि आता कोश म्हणतो, पेपरात आलंय!

रविवार, १६ मार्च

चर्चापानावर लिहिलं की बातमीत बाजू चुकली आहे, ती बहुधा आपल्याच पानावरून घेतली असावी. जुनाजाणताचं उत्तर लगेच आलं. "तुम्ही जाऊन पाहिलंत हा संदर्भ होत नाही. पेपरला कळवा. त्यांनी दुरुस्ती छापली तर बघू."

हेच मी कितीतरी जणांना सुनावलं आहे. याच शब्दांत. ते लोक पुढे काय करत असतील, हे कधी मनात आलं नव्हतं.

आपण तिथे बसलो होतो, हे लिहिण्यासाठी बोटं कळांवर ठेवली. उचलली. ते कळलं की तो माझ्याशी बोलणार नाही. आणि दुसरं कोण बोलतं?

पेपरला मेल केली. आधी खिडकीची बाजू, मग बातमी कोशावरून घेतल्याची शंका. शुद्धलेखन तपासून पाठवली.

बुधवार, १९ मार्च

पेपरच्या आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात – "चूकभूल. नगर कार्यालयाच्या बातमीत छपाईच्या चुकीमुळे 'डाव्या' असे प्रसिद्ध झाले. ते 'उजव्या' असे वाचावे." एवढंच.

जुनाजाणताने कोशावर बाजू बदलली. "आता संदर्भ अचूक. आपल्या दक्षतेबद्दल आभार."

वाक्यात एकच गोष्ट खोटेपणा दाखवत होती. ती मीच पुसून दिली. आता ते खोटं अगदी चोख झालंय.

गुरुवार, २० मार्च

दुकान बंद. सकाळी चर्चापानावर सगळं लिहिलं. मी तिथे बसलो होतो, आरोप असलेला माझा भाऊ, पाटी माझ्या हातची, 'डाव्या' हा शब्द माझा. जुनाजाणताने लिहिलं, "हितसंबंध उघड केलेत हे योग्यच. या पानावर आपण यापुढे काही लिहू नये." रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

मग पानाचा इतिहास छापून घेतला. कोणी कधी काय लिहिलं ते सगळं त्यात असतं. 'डाव्या' हा शब्द तीन तारखेचा, बातमी बाराची. छपाईची चूक नऊ दिवस आधी दुसरीकडे कशी उगवेल? बातमी कोशावरून उचललेली ठरली की कात्रण पुरावाच राहत नाही. दादाला वाचवायला एवढं पुरे.

कागद घेऊन दादाकडे गेलो. तो दारातच उभा राहिला. बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. माझ्या नावाशी बोट थांबलं. कोशावर मी खऱ्या नावानेच लिहितो.

"हे तू घातलंस?"

"हो. फक्त 'डाव्या'. बाकीचं आधीपासून होतं."

"आणि बाकीचं राहू दिलंस."

"हो."

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. "जेवलास का?" मी हो म्हटलं. खोटं.

शुक्रवार, २१ मार्च

चौकशी सकाळी होती. एका गिऱ्हाईकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. फोन आला नाही. मीही केला नाही.

शनिवार, २२ मार्च

दादाची नोकरी गेली. वहिनी म्हणाली, कागद त्याने बाहेर काढलाच नाही, शेवटपर्यंत खिशावर हात ठेवून उभा होता. बाहेर आल्यावर तिने विचारलं तर म्हणाला, "त्यावर बारक्याचं नाव आहे. मग त्यालाही ओढला असता."

मालकांना उशिरा येतो म्हणून सांगितलं. दादा नगर कार्यालयासमोर, नेहमीच्या जागी होता. बाजूला दुसरी खुर्ची उघडून ठेवलेली, रिकामी. बसलो. खिडकी डावीकडे होती.