उद्घाटनातच बिघडलेलं मशीन

आदरणीय सिंधूताईस,
धाकट्या भावाचा सविनय जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला मिरच्यांच्या तोडणीपुरताच होता की अजून चालू आहे? तू पाठवलेलं तिखट पोचलं. डबा उघडला की शेजारचे शिंकतात, म्हणजे माल अस्सल आहे. आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य रिवाज म्हणून लिहिलं आहे. त्यावर फार विसंबू नकोस.) फोन करायचा सोडून पत्र का, असं म्हणशील. आमच्या घराच्या भिंती पातळ, आणि तुझा मोबाईल कायम नातवाच्या हातात. म्हणून हे पाकीट तुमच्या भिवापूरच्या बसच्या कंडक्टरकडे देतो आहे. तूच वाच, चष्मा लावून वाच.

आमच्या दीक्षाने वस्तीतल्या समाजभवनात तरुण पोरापोरींसाठी आरोग्य केंद्र काढलं, हे तुला ठाऊक आहेच. सकाळी व्यायाम, मग मोड आलेली मटकी, शिवाय तंबाखू-खर्रा सोडवण्याचे उपाय. सुरुवातीला पोरं आली ती तोंडात खर्रा धरूनच, त्यामुळे खाली वाकायचा व्यायाम कुणालाच जमेना. व्यायाम आटोपला की मटकी तशीच टाकून सगळी टोळी कोपऱ्यावर तर्री-पोहे खायला. (टोळीच्या पुढे कोण असायचं, हे विचारू नकोस.) तरी माझी लेक हटली नाही. तिचं म्हणणं, हल्ली पंचविशीतल्या पोरांनाही बीपी असतं, पण मोजायला कुणी हात पुढे करत नाही. ती भीती घालवायला तिने मशीन आणलं आणि ठरवलं की फीत कापायची नाही, पाहुण्यांचं बीपी मोजूनच उद्घाटन करायचं.

पाहुणे आलेच नाहीत. मग हजर असलेल्यांत सगळ्यात ठणठणीत वडीलधारा माणूस म्हणून (हे शब्द प्रशिकचे, दीक्षाच्या केंद्रातला हा पोरगा माइक हातात आला की काहीही बोलतो) मला खुर्चीत बसवलं, गुलाबाचं फूल दिलं आणि दंडाला पट्टा बांधला. पट्टा फुगू लागला तसे मला आपले बाबा आठवले. त्यांच्या दंडाला शेवटी असाच पट्टा होता. मला घाम फुटला. तेवढ्यात प्रशिकने माइकवर आकडा वाचला, "एकशे ब्याण्णव बाय एकशे दहा!" आणि पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला, एकाने शिट्टीही मारली. त्यांना वाटलं, जितकं जास्त तितकं चांगलं.

दीक्षाने मात्र टाळी वाजवली नाही. म्हणाली, "बाबा, थरथर काहून कापून राहिले? थांबा, पुन्हा घेते." मी पट्टा ओरबाडून काढला आणि ओरडलो, "मले काय झालं? तुयं मशीनच खराब हाये वं!" पोरं एवढंच ऐकायला टपली होती. "काकाच म्हणून राहिले का मशीन खराब हाये, मंग आपण काहून मोजाचं?" असं म्हणत भवन रिकामं झालं.

तेव्हापासून तिथे कुणी फिरकत नाही. दीक्षाने सेल बदलले, मशीन दुकानात दाखवलं. दुकानदाराने चांगलं आहे म्हणून परत दिलं. ती स्वतःचं मोजते, तिच्या आईचं, मेघाचं मोजते, बरोबर येतं. पट्टा घेऊन माझ्याकडे वळली की मी भाजी आणायला निघतो. (घरात इतकी भाजी साठली आहे की मेघा माझ्याकडे संशयाने बघू लागली आहे.) लेक भवनाचं कुलूप उघडते, एकटीच बसते आणि परत येते. तिचं तोंड बघवत नाही.

शेवटी मी गुपचूप हिंगण्याला गेलो, तिथे मला कुणी ओळखत नाही म्हणून. तिथल्या मशीननेही मला ओळखलं. डॉक्टर हसले नाहीत, ताई. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती दोनदा तपासली, आणि म्हणाले, सोमवारी मोठ्या दवाखान्यात दाखवा, एकटे जाऊ नका. गोळ्या दिल्या आहेत. त्या मी खिशातच ठेवल्या आहेत, कारण घेतल्या तर आजार खरा होईल असं वाटतं. बाहेर मोटारसायकलला किल्ली लागेना, शेवटी पानठेल्यावाल्याने येऊन लावून दिली. मी फार घाबरलो आहे.

असो. तसं काळजीचं काही नाही. सहज लिहिलं. भाऊजींना जय भीम, लहानांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
प्रेमानंद

ता.क. – रविवारी तिखट घेऊन ये. म्हणजे मेघाला मी तसं सांगेन. सोमवारी माझ्यासोबत दवाखान्यात चल.

ता.क. दुसरा – तिखट खरोखर आणू नकोस. आणि रविवारी आधी समाजभवनात जाऊ. मी त्याच खुर्चीत बसेन, तू शेजारी बस. प्रशिकला माइक लावायला सांगेन. मशीन चांगलं आहे, हे पोरांना मलाच सांगावं लागेल.

ता.क. शेवटचा – एक गोळी आत्ता घेतली. बाबांच्या वेळी तू निरोप मिळताच निघालीस, पण बस वाटेत उमरेडला पोचली तेव्हाच इकडे सगळं संपलं होतं. म्हणून मी तुला आधीच बोलावतो आहे.