मालूला न दिसलेला फळा

बुऱ्हाणपूर, १२ डिसेंबर १९५७

चि. मालूस आशीर्वाद.

चौथीत तू फळ्यावरचं चुकीचं उतरवायचीस, म्हणून मी तुला छड्या मारल्या. तुझ्या वडिलांना म्हणालो, "पोरीचं डोकं चालत नाही, शाळेतून काढा." त्यांनी काढलं आणि पुढे शाहपुरात तुझं लग्न लावून दिलं.

नवं राज्य झाल्यावर यंदा शाळेत डोळ्यांचे डॉक्टर आले. तुझी धाकटी बहीण गोदाही चुकीचंच उतरवते. तिला तपासून ते म्हणाले, "मास्तर, हिला पहिल्या बाकावरूनही फळा दिसत नाही."

चष्मा आल्यावर गोदानं सगळा फळा घडाघडा वाचला. मग म्हणाली, "आमच्या अक्काले बी फळा पुसटच दिसे, गुरुजी."

मी हजेरी घेतली.

रविवारी शाहपुरात आलो होतो. तू ओट्यावर बसली होतीस. दहा पावलांवरून डोळे बारीक करून तू विचारलंस, "कोन हाये?"

"घर चुकलो," म्हणालो आणि परतीची बस धरली.

हे पत्र तुला सासरचंच कुणीतरी वाचून दाखवेल, मग तुझे डोळे अधू असल्याचं त्यांना कळेल. म्हणून टपालात टाकत नाही, असं मी स्वतःला सांगतो.

वामन मास्तर